कुंडी सरकारी, झाड खासगी

लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिने दोन बॅगा भरल्या, स्वतःची उशी बगलेत मारली आणि गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर वडिलांच्या हातात एक कुंडी ठेवली. मोठ्या वाटीएवढी मातीची कुंडी आणि तिच्यात एक झाड. झाड म्हणजे जाडजूड, निळसर हिरव्या पानांची एकात एक बसलेली वर्तुळं. कोणीतरी हिरव्या दगडात गुलाबाचं फूल कोरून मातीवर ठेवून दिलंय, असंच पाहणाऱ्याला वाटावं.

"याचं काय करायचं?" वडिलांनी विचारलं.

"काहीच नाही करायचं, बाबा. माती पूर्ण सुकली की थोडं पाणी. एरवी विसरून जायचं. हे जितकं विसराल तितकं छान वाढतं."

ही सूचना जगात कोणालाही जमली असती. पण ती नेमकी अशा गृहस्थांना दिली गेली, ज्यांना आयुष्यात काहीही विसरता आलेलं नव्हतं. हे गृहस्थ नगररचना कचेरीच्या नकाशा शाखेत होते. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवरच्या रेषा एकमेकींना नीट मिळतात की नाही, हे भिंगातून पाहणं एवढंच त्यांचं काम. सुतभर फट दिसली की नकाशा परत. कचेरीत त्यांना पाठीमागे सगळे बारकाईराव म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्याला पदवीच मानत. घरी नळ नीट बंद झालाय ना, हे पाहायला ते तो एकदा उघडून बघत. अशा माणसाला विसरून जा म्हणणं म्हणजे माशाला जरा वेळ कोरडा बस म्हणण्यासारखं होतं.

पहिले काही दिवस ते कसोशीने विसरले. म्हणजे सकाळी उठल्याबरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीशी जात, झाडाकडे पाहत, 'आपल्याला याचं काही करायचं नाहीये' असं स्वतःला बजावत आणि चहा घेत. मग त्यांना वाटलं, माती सुकलीय का हे पाहणं म्हणजे काही करणं नव्हे. त्यांनी बोट घालून पाहिलं. वर सुकलेली होती, खाली थोडी ओल लागली. पण थोडी म्हणजे किती? उद्यापर्यंत पुरेल? पुरली नाही तर? दुसऱ्या शहरात नवख्या माणसांत आपली पोर एकटी, आणि इथे तिचं झाड तहानलेलं. त्यांनी चमचाभर पाणी घातलं. चमचाभर पाण्याने कोणाचं काय बिघडलंय?

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "रोज चमचा चमचा म्हणजे महिन्यात तांब्या होतो."

"मी रोज कुठे घालतो?"

"सकाळी तुम्ही घालता, संध्याकाळी मी नाही बघत असं समजून पुन्हा घालता. तुमच्या त्या कोबीचा हौद झालाय."

कोबी हा शब्द त्यांना लागला. पण बायकोचं गणित कधी चुकत नसे. आठवड्याभरात खालची पानं पिवळट, काचेसारखी आरपार दिसायला लागली. एकाला हात लावला तर ते बोटाला चिकटून आलं, जिलेटिनसारखं लिबलिबीत. बारकाईराव त्या पानाकडे पाहत राहिले आणि मग चपला न घालताच समोरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवायला गेले.

समोर दाताचे डॉक्टर राहत. झाडांचं त्यांना काही कळत नव्हतं, पण मुळांशी त्यांचा रोजचा संबंध होता. त्यांनी कपाळाला दिवा बांधला, हातात तो लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला आणि कुंडीत वाकले.

"दुखतंय का?" सवयीने त्यांनी विचारलं. मग भानावर येऊन म्हणाले, "मुळं काढून बघावी लागतील. आत सडलं असेल."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून शस्त्रक्रिया झाली. काळी पडलेली मुळं डॉक्टरांनी चिमट्याने एकेक करून काढली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कॅप्टन आले. हे गृहस्थ मालवाहू जहाजावर भटारखाना सांभाळायचे. पण जहाजावरून परतलेल्या माणसाला इमारतीने आपल्या अधिकारात कॅप्टन करून टाकलं होतं, आणि त्यांनी ती बढती नाकारली नव्हती. त्यांनी झाड लांबूनच पाहून सांगितलं, "याला वारा पाहिजे. बोटीवर ओलं राहिलं की सगळं कुजतं. वारा, वारा आणि वारा."

तेव्हापासून झोपायच्या खोलीतला टेबलफॅन टेबलावर पडलेल्या झाडाकडे तोंड करून फिरू लागला. दिवस उकाड्याचे होते. बायकोने दोन रात्री पदराने वारा घेतला. तिसऱ्या रात्री उशी घेऊन ती जेवणाच्या टेबलाखाली येऊन झोपली आणि म्हणाली, "वारा या घरात ज्याला मिळतो त्याच्या शेजारी राहायचं मी ठरवलंय."

काही म्हणा, झाड वाचलं. कोरडं पडून राहिल्यावर त्याला नवी मुळं फुटली, कोरड्या खडीमिश्रित मातीत ते पुन्हा उभं राहिलं, आणि मग अशा झपाट्याने वाढायला लागलं की बारकाईरावांना कचेरीत सांगायला विषय मिळाला. एकात एक मिटलेली पानं सुटी झाली, मधला दांडा वर निघाला. गुलाबाचा जिना झाला. त्यांनी फोटो काढून लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'उंची बघ.'

लेकीचा लगेच फोन आला. "बाबा, ती उंची नाहीये. ते उपाशी आहे. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे ना, त्याला ऊन मिळत नाहीये. ते मान लांब करून ऊन शोधतंय."

बारकाईरावांनी खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. आपण ज्याला बाळसं समजून गावभर सांगत सुटलो, ती वणवण होती.

"आता?"

"आता वरचा तुरा कापायचा, चार दिवस कोरडा ठेवायचा आणि परत लावायचा. खालच्या खोडाला नवी पिल्लं फुटतील. आणि बाबा, याला ऊन मिळेल असं बघा हं."

कापायचा. बारकाईरावांनी सुरी घेतली, ठेवली, धुतली, पुन्हा घेतली आणि पुन्हा ठेवली. शेवटी डॉक्टरच आले. त्यांनी सुरीकडे तुच्छतेने पाहिलं, खिशातून दातांच्या फटी साफ करायचा दोरा काढला, दांड्याभोवती एक वेढा घेतला आणि दोन्ही टोकं हलकेच ओढली. तुरा अलगद त्यांच्या तळहातावर आला. बारकाईरावांनी तोपर्यंत डोळे मिटून घेतले होते. खालचं बोडकं खोड कुंडीतून काढून डॉक्टर 'रुग्णावर लक्ष ठेवायला हवं' म्हणून आपल्या दवाखान्याच्या खिडकीत घेऊन गेले. तुरा रिकाम्या पेल्याच्या काठावर बसून राहिला, आणि मुळं धरल्यावर त्याच मूळच्या कुंडीत गेला.

प्रश्न राहिला उन्हाचा. घरात ऊन नव्हतं. पण कचेरीत बारकाईरावांच्या टेबलाशेजारी पूर्वेची भलीमोठी खिडकी होती आणि सकाळभर नकाशांवर ऊन सांडायचं. झालं. एका सकाळी ते बसमध्ये छातीशी पिशवी आणि पिशवीत कुंडी घेऊन कचेरीला गेले. वाटेत एका बाईंनी उभं राहून त्यांना जागा दिली. एवढ्या जपून धरलेल्या पिशवीत काहीतरी जिवंत असणार, असं त्यांना वाटलं असावं. वाटलं ते खरंच होतं.

त्या खिडकीत झाडाने बाळसं धरलं, आणि या वेळी खरोखरचं. पानं पुन्हा घट्ट मिटून एकमेकांवर बसली, कडांना गुलाबी रंग चढला. नकाशा शाखेतली माणसं चहाचा कप घेऊन खिडकीशी येऊन उभी राहायला लागली. कोणी म्हणे याला गाणं ऐकवावं, कोणी म्हणे चहाची पत्ती घालावी. एकाने तर मोठ्या आपुलकीने आपला उरलेला चहाच ओतायला घेतला, तेव्हा बारकाईरावांनी असा हात आडवा घातला की त्यांचा तो आवेश नोकरीतल्या साऱ्या वर्षांत कोणी पाहिला नव्हता. एकूण दिवस सुखाचे चालले होते.

आणि वस्तूंची वार्षिक मोजणी आली.

या कचेरीचे भांडारपाल हे एक वेगळंच प्रकरण होतं. उंच, कोरडे, कधीही न हसणारे. मोजणीच्या दिवसांत ते पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन फिरत आणि दिसेल त्या वस्तूवर नंबर घालत. टेबलं, खुर्च्या, पंखे, कचऱ्याच्या टोपल्या, कशाचीच सुटका नव्हती. एकदा दुपारी डुलकी घेणाऱ्या कारकुनाच्या टेबलाखालच्या चपलेवर त्यांनी नंबर घातला होता आणि तो कारकून निवृत्त होताना ती चप्पल रीतसर जमा करून अनवाणी घरी गेला, असं सांगतात. खरं खोटं भांडारपाल जाणे.

बारकाईराव तेव्हा साहेबांच्या खोलीत गेले होते. परत येऊन पाहतात तो कुंडीच्या पोटावर ठसठशीत पांढरा नंबर, अजून ओला.

"अहो, ही माझी कुंडी आहे."

"पावती?" भांडारपाल ब्रश पुसत म्हणाले.

"मुलीने दिलीय. मुलगी बापाला पावती देते का?"

"इमारतीत मोजणीच्या दिवशी जी वस्तू आहे ती इमारतीची. नंबर पडला की पडला. खोडता येत नाही. खोडलेला नंबर म्हणजे हरवलेली वस्तू, आणि हरवली की चौकशी."

"मग माझी छत्री इथे टांगलीय, तिला नाही का घातला नंबर?"

भांडारपालांनी छत्रीकडे विचारपूर्वक पाहिलं. बारकाईरावांनी ती झटकन काखेत घेतली.

खरं तर यात फार मोठं नुकसान नव्हतं. झाड खिडकीत होतं, ऊन होतं, रोज भेट होत होती. सरकारी तर सरकारी. पण त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. काम बरं आहे, माणसं बरी आहेत, असं ती सांगत राहिली आणि मधेच थांबून म्हणाली, "खोलीवर आलं ना बाबा, की कोणीच नसतं. शनिवारी येतेय मी दोन दिवस. जाताना माझं झाड घेऊन जाईन म्हणते. माझ्या खिडकीत ऊन खूप येतं."

"घेऊन जा की," बारकाईराव म्हणाले. "तुझंच आहे."

फोन ठेवल्यावर ते स्वयंपाकघराच्या रिकाम्या खिडकीशी गेले आणि तिथला कुंडीचा गोल डाग पुसू लागले. बायकोने विचारलं, "नंबराचं सांगितलं नाहीत तिला?"

"काय सांगू? तिचं झाड खात्यात रुजू झालंय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब भले होते. त्यांनी नियम समजावून सांगितला. नंबर पडलेली वस्तू बाहेर न्यायची तर ती आधी निकामी ठरली पाहिजे. निकामी ठरवायला तिघांची समिती. समितीने पाहून 'ही वस्तू आता कसल्याही उपयोगाची नाही' असं म्हटलं की मग ती बारकाईरावांनी घरी न्यावी, हवं तर फेकावी.

"मी आजच समिती बसवतो," साहेब म्हणाले. "तुमच्यासाठी एवढं करायलाच हवं."

समिती बसली, म्हणजे खिडकीशी उभी राहिली. आणि झाडाने, ज्याने आजवर सडून, वाळून, मान लांब करून वाट्टेल ते सोसलं होतं, त्याने नेमका त्या आठवड्यात पानांच्या मधून एक लांब, डौलदार देठ काढला होता. समितीच्या डोळ्यांसमोर त्या देठावर केशरी गुलाबी घंटांसारखी फुलं उमललेली होती. बारकाईरावांनी देठ अंगाने झाकायचा प्रयत्न केला. "जरा बाजूला व्हा," समिती म्हणाली. समितीतल्या बाईंनी तर 'किती गोड' असं म्हणून मोबाइलवर फोटोच काढला. निकामीपणाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. शेरा पडला, 'वस्तू उत्तम स्थितीत, शोभिवंत.'

शोभिवंत हा शब्द साहेबांपर्यंत पोचला. ते स्वतः पाहायला आले, मान डोलावली आणि म्हणाले, "सोमवारी माझ्या खोलीत ठेवा हे. पाहुणे येतात, बरं दिसेल."

साहेबांच्या खोलीत दिवसभर जाड पडदे ओढलेले असत आणि थंड हवेचं यंत्र घुमत असे. तिथे माणसंही फार वेळ टिकत नसत.

शुक्रवार उजाडला. बारकाईरावांनी त्या दिवशी एकही नकाशा परत पाठवला नाही. शाखेत कुजबुज झाली, त्यांना बरं नाही म्हणून. ते भिंगातून कुंडीवरच्या नंबराकडेच पाहत बसले होते. आकडे मोठे, सुबक, कुंडीच्या पोटावर. पानांना मात्र रंगाचा कण लागलेला नव्हता. ते उठले आणि तडक भांडारात गेले.

"एक विचारायचं होतं. तो नंबर कशाचा आहे?"

"कुंडीचा," भांडारपाल म्हणाले.

"झाडाचा नाही?"

भांडारपालांनी ब्रश खाली ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी विचार करायला लावणारा प्रश्न विचारला नसावा. मग ते म्हणाले, "झाडावर नंबर घालता येत नाही. वाढलं की आकडे फाटतात."

"म्हणजे कुंडी जागेवर असली की झालं?"

"कुंडी जागेवर हवी."

"आणि माती?"

"माती मोजत नाहीत."

बारकाईरावांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. भांडारपालांनी सुटलेल्या हाताकडे पाहिलं, काही गेलं तर नाही ना म्हणून.

कचेरी सुटताना बारकाईरावांनी झाड हलक्या हाताने मातीतून उपसलं, मुळं झटकली आणि रिकाम्या जेवणाच्या डब्यात निजवलं. फुलांचा देठ मावेना, म्हणून डब्याचं झाकण उघडंच राहिलं आणि देठ बाहेर डोलत राहिला. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं.

"काय आहे हे?"

बारकाईराव कचेरीत कधीच खोटं बोललेले नव्हते. आता त्यांच्या तोंडून काय निघावं?

"कोबी," ते म्हणाले.

पहारेकऱ्याने डब्यात डोकावून पाहिलं. "फुलावर आलाय. शिजणार नाही आता," असं सांगून त्याने फाटक उघडलं.

शनिवारी लेक आली. आल्या आल्या तिने पाहिलं तर जेवणाच्या टेबलावर, बशीत, मुळं पसरून तिचं झाड बसलेलं, फुलांसकट. ते बशीत का, याची हकीकत बारकाईरावांनी सांगायला घेतली आणि समितीपर्यंत येईतो लेक हसून हसून खुर्चीवरून घसरली. कोबीपाशी तर बायकोनेही पदर तोंडाला लावला. आपल्या अपमानाच्या गोष्टीवर दोघी एवढ्या हसताहेत याचं बारकाईरावांना वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेना. त्यांनी कोबीचा भाग पुन्हा एकदा सांगितला.

रविवारी समोरचे डॉक्टर दवाखान्यातलं ते बोडकं खोड घेऊन आले. बोडकं कसलं, खोडाला चहूबाजूंनी बटणांएवढी पिल्लं लगडली होती. कॅप्टन मागोमाग आले. हे सगळं वाऱ्यामुळे, असं ते म्हणाले. सगळं दोऱ्यामुळे, असं डॉक्टरांचं मत पडलं. वाद मिटेना, तेव्हा लेकीने दोघांना एकेक पिल्लू दिलं आणि ते आपापला मुद्दा सिद्ध झाल्यासारखे परत गेले. मोठं झाड तिने नव्या कुंडीत लावलं. संध्याकाळी बस सुटताना ती खिडकीशी बसली होती, मांडीवर कुंडी, आणि फुलांचा देठ शेजारच्या आजींच्या चष्म्यासमोर डुलत होता. बस वळेपर्यंत त्या आजींनी तिला काहीतरी विचारलेलं आणि तिने भरभरून उत्तर द्यायला सुरुवात केलेली बारकाईरावांना दिसली. ते बायकोला म्हणाले, "बोलायला कोणीतरी मिळालं तिला."

सोमवारी ते एक पिल्लू खिशातल्या रुमालात गुंडाळून लवकरच कचेरीत गेले. सरकारी कुंडीत ते लावलं. बटणाएवढं झाड आणि केवढा तो नंबर. साहेब आले, त्यांनी पाहिलं, "लहान दिसतंय," म्हणाले, "चालेल, माझ्या खोलीत न्या."

तेवढ्यात मागून कोरडा आवाज आला. "नेता येणार नाही, साहेब." भांडारपाल दारात उभे होते. "नंबर नकाशा शाखेच्या खिडकीत पडलाय. वस्तू जागेवरून हलवायची तर पुढच्या मोजणीपर्यंत थांबावं लागेल."

साहेब भले होते, शिवाय नियम त्यांनीच शिकवला होता. ते गेले. भांडारपाल मात्र गेले नाहीत. अकराच्या सुमाराला बारकाईराव चहा पिऊन परतले तेव्हाही ते खिडकीशीच होते. ऊन कडक झालं होतं आणि हा उंच, कोरडा माणूस हातात वर्तमानपत्र आडवं धरून त्या बटणावर सावली करत उभा होता. बारकाईरावांना पाहून त्यांनी वर्तमानपत्र घडी करायचा प्रयत्न केला, पण सावली जाईल म्हणून पुन्हा उघडलं.

"एक विचारू?" त्यांनी इकडेतिकडे पाहून हळूच म्हटलं. "हे माणूस ओळखतं का हो?"

बारकाईराव त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि वर्तमानपत्राचं दुसरं टोक धरलं.

"ओळखतं," ते म्हणाले. "फक्त तोंडावर दाखवत नाही."